मधला वास

माझ्या धाकट्या भावाचं नाक गेलं ते एका साध्या तापात. नाक तसं जागेवरच होतं, चांगलं सरळ आणि लांब. गेला तो वास. ताप उतरला, खोकला थांबला, भूक परत आली, पण वास काही परत आला नाही. सकाळी उठला की तो साबणाची वडी नाकाशी धरायचा, मग खिडकी उघडून थोडा वेळ उभा राहायचा, आणि चेहऱ्यावर काही न दाखवता कामाला जायचा.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर लोकांनी चार दिवस हळहळून विषय सोडला असता. पण माझा भाऊ साबणाच्या कारखान्यात वासघरात होता. कोणत्या साबणात कोणता वास किती घालायचा हे ठरवणारी खोली म्हणजे वासघर. भिंतभर फळ्या, फळ्यांवर तपकिरी बाटल्या, मधोमध एक लांब टेबल आणि त्यावर कागदाच्या अरुंद पट्ट्या. पट्टी बाटलीत बुडवायची, हवेत हलवायची आणि हुंगायची. कारखान्यात त्याला सगळे नाकोबा म्हणत. जिना चढतानाच तो सांगायचा की तिसऱ्या मजल्यावर दूध उतू गेलंय आणि चौथ्यावर कुणीतरी नवीन बूट आणलेत.

तापानंतर त्याला खोकी बांधायच्या विभागात पाठवलं. तिथे पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "काय नाकोबा, आता आमच्यात नाक खुपसायला आलात?"

"खुपसायला नाक लागतं," भाऊ म्हणाला. "मी नुसतं तोंड घेऊन आलोय."

हे त्याने मला हसत सांगितलं. नंतर बुटांच्या नाड्या सोडायला त्याला फार वेळ लागला.

मी त्याच्या खालच्या मजल्यावर राहते. शाळेत मुलांना भाषा शिकवून निवृत्त झाले, पण सवय काही निवृत्त झाली नाही. दुपारी इमारतीतली मुलं माझ्याकडे येतात. त्यांतच भावाची मुलगी, खारू. लहानपणी हाताला लागेल ती वस्तू दोन्ही मुठींत धरून आधी नाकाशी न्यायची, अगदी खारीसारखी. तेव्हापासून खारूच. बापाचं नाक तिने जसंच्या तसं उचललंय, आकारानेही आणि तिखटपणानेही.

तिची आई, म्हणजे माझी भावजय, खारू नुकती बोलायला लागली होती तेव्हा गेली. ती एका रोपवाटिकेत कामाला होती, काचेच्या लांबलचक घरांमध्ये रोपं वाढवायची. तिच्यामागे तिचे कपडे, चपला, छत्री असं जे काही राहिलं ते भावाने हळूहळू कुणाकुणाला देऊन टाकलं. एक राखाडी स्वेटर तेवढा ठेवला.

ठेवला तोही त्याच्या धंद्याच्या रीतीने. उकळून वाळवलेल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून, उन्हापासून दूर पलंगाखाली. "वास म्हणजे उतावळा पाहुणा," तो म्हणायचा. "दार किलकिलं दिसलं की निघालाच." म्हणून डबा तो क्वचितच उघडायचा, तोही एका श्वासापुरता. नाकाला लावायचा, डोळे मिटायचा आणि झाकण बंद. त्याला त्या वेळी कुणी हाक मारलेली चालत नसे.

तापातून उठल्यावर एका रविवारी तो तोच डबा घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"ताई, वास गेला."

"अरे, येईल हळूहळू. डॉक्टर म्हणालेत ना..."

"माझ्या नाकाचं नाही म्हणत मी. याचा. याचा गेलाय की मला येत नाहीये, हे मला कळत नाही. तू बघ."

त्याने झाकण काढलं. मी वाकले आणि श्वास घेतला. एवढ्या वर्षांनी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली असं वाटलं.

"आहे," मी म्हणाले.

तो स्टुलावर बसला. "नक्की?"

"मंद आहे, पण आहे."

"कसा आहे?"

"कसा म्हणजे? तिच्यासारखा."

"ते मला माहीत आहे, ताई. कसा आहे ते सांग."

"उबदार आहे."

"ऊब हा वास नाही."

"मायाळू," मी म्हणाले.

"आता तू निबंध सांगायला लागलीस," तो म्हणाला आणि झाकण लावलं.

मग त्याने मला जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. चेहरा आठवता येतो, तो म्हणाला, आवाज आठवता येतो, चालणंसुद्धा आठवता येतं. वास मात्र आठवता येत नाही. तो समोर आला की ओळखता येतो, एवढंच. आता त्याला तो ओळखताही येत नव्हता. नाक कदाचित वर्षाने परत येईल, कदाचित येणारच नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. आणि डब्यातला वास तोपर्यंत टिकणार नाही, हे सांगायला डॉक्टर नको होता. या कामातलं त्यालाच जास्त कळत होतं.

"म्हणून तो शब्दांत उतरवून घ्यायचाय मला," तो म्हणाला. "शब्द उडून जात नाहीत. बरोबर शब्द मिळाला तर मला तो पुन्हा सापडेल. वासघरात आम्ही हेच करायचो."

वासघरात नव्या माणसाला शिकवायची एक पद्धत होती. तिला ते सांग-शोध म्हणत. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने पट्टी हुंगायची आणि कसा वास आहे ते सांगायचं. दुसऱ्याने न हुंगता, नुसतं ऐकून, फळीवरची नेमकी बाटली काढून द्यायची. छान, घाण आणि फुलासारखा हे तीन शब्द वर्ज्य. जो ते वापरेल त्याने सगळ्यांच्या पट्ट्या कापून ठेवायच्या. भाऊ घरी खारूबरोबर हाच खेळ डबे-बरण्यांवर खेळायचा. तो सांगायचा, ती शोधायची. आता बाजू बदलायच्या होत्या.

"माझं नाक म्हातारं झालं," मी म्हणाले. "तिचं वापर."

"तेच ठरवलंय. शिवाय ती तिची मुलगी आहे. तिला आतून माहीत असणार."

पहिल्या वेळी मी तिथेच होते. भाऊ आणि खारू जमिनीवर समोरासमोर बसले. भावाने डोळे मिटले. खारूने झाकण काढलं, वाकली, आणि इतका वेळ वाकलेली राहिली की मला काळजी वाटायला लागली.

"सांग."

"छान आहे," खारू म्हणाली.

भावाने डोळे न उघडता हाताने चाचपडून झाकण लावलं. "गेला एक श्वास फुकट."

"पण छानच आहे, बाबा."

"छान तर माझी सही पण आहे."

खारूने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तो वासघरातला माणूस बोलत होता, त्याच्यापुढे माझं काही चालत नाही.

त्याच आठवड्यात माझ्याकडे मुलांचे अलंकार चालले होते. रूपक झालं होतं, अतिशयोक्ती तर त्यांना शिकवावीच लागली नाही, ती सगळीजण जन्मतःच बोलतात. त्या दिवशी उपमा होती. मी फळ्यावर लिहिलं: आजोबांचं घोरणं कशासारखं?

"वाघाच्या डरकाळीसारखं," जुळ्यांपैकी एकजण म्हणाला.

"तू वाघाची डरकाळी कधी ऐकलीस?"

"टीव्हीवर."

"टीव्हीचा आवाज कमी करता येतो. आजोबांचा येतो का?"

मग कुलूपवाल्याची मुलगी, जिला सगळे चावी म्हणतात, ती म्हणाली, "आमच्या दुकानाच्या शटरसारखं. कर्र करत वर जातं, अर्ध्यावर अडकतं, आपल्याला वाटतं झालं, थांबलं. आणि मग धाडकन खाली."

सगळे पोट धरून हसले. इमारतीच्या तळमजल्यावरचं ते शटर प्रत्येकाच्या झोपेचं वैरी होतं.

"का हसलात?" मी विचारलं. "वाघाला का नाही हसलात?"

मग मीच म्हणाले, "उपमा म्हणजे ओळख करून देणं. आजोबांचं घोरणं ज्याने ऐकलेलं नाही, त्याला तुम्ही त्याने ऐकलेल्या गोष्टीकडे घेऊन जाता. म्हणता, हे तुझ्या ओळखीचं आहे ना, मग ते असं. तुम्ही त्याला वाघाकडे नेलंत आणि वाघ त्याच्या ओळखीचाच नसला, तर बिचारा दोन परक्यांच्या मध्ये उभा राहतो."

"आणि सांगणाऱ्यालाच ओळखीचं नसेल तर?" खारूने विचारलं.

"काय ओळखीचं नसेल?"

"पहिलं. आजोबाच."

"मग तो सांगणार तरी कसा?" चावी म्हणाली. "आधी आजोबांना भेटून ये म्हणावं."

खारूने मान खाली घातली आणि वहीवर आजोबांची मिशी काढत बसली. मला वाटलं, कंटाळली असेल.

दुसऱ्या वेळी ती तयारीने आली होती. मोठ्या वर्गातल्या मुलीकडून तिने निबंधांचं पुस्तक आणलं होतं आणि त्यातली वाक्यं पाठ केली होती. डबा उघडला, एक श्वास घेतला आणि शाळेत भाषण करावं तशी ताठ बसून म्हणाली, "गुलाबाच्या ताटव्यावरून अलगद आलेल्या पहाटेच्या झुळकेसारखा."

भावाने झाकण लावलं, पण या वेळी हलक्या हाताने. "तू पहाटे गुलाबाच्या ताटव्यात गेली होतीस?"

"नाही."

"मीही नाही गेलो. मग आपण दोघं तिथे जाऊन काय करणार? आणि तुझ्या आईला गुलाबाचा वास आला की शिंका सुटायच्या. रोपवाटिकेत गुलाबांच्या घरात तिला कधी पाठवत नसत."

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"आता सांगितलं."

"मला काहीच कुणी सांगत नाही," खारू म्हणाली आणि उठून गेली. दार आपटलं नाही, पण आपटण्यासारखंच लावलं.

मी भावाला म्हणाले, "अरे, पोर आहे ती. वासघरात नोकरीला लागलेली नाही."

"मी काय तिला ओरडलो का?"

"ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू तिला नापास केलंस."

तो डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवत राहिला. "प्रत्येक वेळी कमी होतोय तो, ताई," तो म्हणाला. "मला दिसतोय कमी होताना. नुसता बघत बसू का?"

तिसऱ्या वेळी त्याने तिला घाई केली नाही. उलट स्वतःच सांगितलं की पूर्ण वास एकदम पकडायला जायचं नसतं. गर्दीत माणसं शोधतो तसं करायचं. आधी कडेची ओळखायची, मग आत शिरायचं. खारूने वास घेतला, मान वर केली, पुन्हा घेतला.

"लोकर," ती म्हणाली.

"बरोबर."

"पत्रा. आणि कापड उकळल्याचा."

"ते माझं आहे, ते सोड. पुढे."

"पान. कसलं तरी पान. हिरवं, जरा कडू, बोटांना चिकटतं तसलं."

भाऊ पुढे सरकला. "टोमॅटोचं?"

"हो. टोमॅटोचंच."

"नुसतं पान की चुरगळलेलं?"

"चुरगळलेलं."

"ती खुडायची," भाऊ म्हणाला. त्याचे डोळे मिटलेलेच होते. "खोडाशी नको असलेले कोंब येतात ते खुडून टाकायला लागतात. दिवसभर तेच. बोटं हिरवी घेऊन घरी यायची. आणखी?"

"रबराचे हातमोजे. ओली माती. आपला नेहमीचा साबण."

"वा. अजून?"

खारू पुन्हा वाकली. "मध्ये एक आहे."

"काय आहे?"

"माहीत नाही. बाकीचे सगळे त्याच्या बाजूने उभे आहेत. त्याला नाव नाही."

माझ्या भावाने असा श्वास घेतला, जसा काही त्यालाच वास आला. "तोच," तो म्हणाला. "लोकर, माती, पान, हे सगळं मी उद्या जाऊन गोळा करून आणीन. तो मधला कुठे मिळत नाही. तो कसा आहे ते सांग. कशासारखाही चालेल, पण त्याच्यासारखा हवा."

ती बराच वेळ प्रयत्न करत राहिली. मग त्यानेच झाकण लावलं. "असू दे. शोध. सापडला की उघडू. पण आता फारसा उरला नाहीये, एवढं ध्यानात ठेव."

त्यानंतर आमच्या इमारतीत जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. खारू मधल्या वासाची उपमा शोधत फिरायला लागली. उशा, पडदे, मांजर, उन्हात तापलेला कठडा, पावाच्या दुकानाची मागची भिंत, जे दिसेल ते हुंगत सुटली. वर्गातली मुलंही कामाला लागली. जुळ्यांनी त्यांच्या आजीची चष्म्याची पेटी आणली. कुणी मेणबत्ती विझवून दाखवली. चावीने तर आपल्या तान्ह्या भावालाच उचलून आणलं आणि त्याची टाळू खारूच्या नाकाखाली धरली.

"हे घे. याच्याहून चांगला वास जगात नाही. खालच्या बाजूचं मात्र मी सांगत नाही."

खारूने हुंगलं. "जवळ आहे," ती म्हणाली. "पण हा दुधाचा आहे. तो दुधाचा नाही."

"मग भाऊ परत नेते," चावी म्हणाली. "आई ओरडेल."

सगळी हसली. खारू हसली नाही. मुलं गेल्यावर ती माझ्याकडेच थांबली. मी कपड्यांच्या घड्या करत होते. तिने एक पंचा उचलला, हुंगला, खाली ठेवला.

"आत्या, मी एक सांगू? बाबाला सांगणार नाहीस?"

"सांगण्यासारखं नसेल तर नाही सांगणार."

"मला आई आठवत नाही."

मी घडी अर्धवट ठेवली.

"अजिबात नाही," ती म्हणाली. "फोटोतली आठवते, पण ती फोटोतली आहे. बाबाला वाटतं, मी वास घेतला की मला आई आठवते आणि मला फक्त शब्द सापडत नाही. मला आई येतच नाही. स्वेटरच येतो. चावी म्हणाली ना, आधी आजोबांना भेटून ये. मी कुठे जाऊ भेटायला?"

मी तिला जवळ घेतलं. समजूत घालण्याची वाक्यं माझ्याकडे पुष्कळ होती, आयुष्यभर शाळेत काढल्यावर ती साठतात. पण तिने विचारलं होतं ते खरं होतं, आणि खऱ्या प्रश्नाला गोड उत्तर दिलं की मूल पुन्हा विचारत नाही. म्हणून मला जेवढं ठाऊक होतं तेवढंच मी सांगितलं.

"भेटीचं मला माहीत नाही, बाळा. पण उपमेचं सांगते. ती नेहमी शोधून सापडतेच असं नाही. पुष्कळदा आपण त्या गोष्टीच्या अगदी जवळ जाऊन नुसतं थांबायचं असतं. मग आपल्यालाच दुसरं काहीतरी होतं. ते जे होतं, ते सांगायचं."

"आणि काहीच नाही झालं तर?"

"तर तेच बाबाला सांग. त्याला खोट्या बाटलीकडे नेऊ नकोस."

तिने माझी अर्धवट राहिलेली घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "तूच चल बरोबर."

आम्ही तशाच वर गेलो. बाहेर ढगाळ, गार दुपार होती. सुटीचा दिवस म्हणून भाऊ घरी होता, खिडकीच्या बिजागरीला तेल घालत होता.

"सापडला?" त्याने विचारलं.

"नाही," खारू म्हणाली. "बाबा, मला आई आठवत नाही."

तेलाची कुपी त्याच्या हातातच राहिली. "थोडीसुद्धा?"

"थोडीसुद्धा नाही."

"मग इतके दिवस तू काय शोधत होतीस?"

"तुला हवं होतं ते."

भावाने हात पुसले. ते आधीच कोरडे होते, तरी पुसत राहिला. मला वाटलं, आता हा डबा कायमचा पलंगाखाली ढकलणार. तो आत गेला आणि डबा घेऊन आला. तिच्यापुढे ठेवला आणि समोर बसला.

"नको शोधूस," तो म्हणाला. "मला काही सांगू पण नकोस. आता जेवढा आहे तेवढा तू घे. तुझा आहे तो."

खारूने झाकण काढलं. पांढरं कापड बाजूला केलं. वाकून वास घेतला आणि म्हणाली, "खूप कमी आहे, बाबा."

"असेल."

"इथून नीट येत नाही."

आणि मग तिने वासघरात कुणी स्वप्नातही केलं नसतं असं काहीतरी केलं. त्या खोलीत काम करणारी माणसं मूळ जिनसेला बोटही लावत नाहीत. आपल्या अंगाचा वास लागला की मूळ वास मेला, हा त्यांचा पहिला धडा. खारूने स्वेटर दोन्ही हातांनी उचलला, फटकन झटकला आणि सरळ डोक्यातून घालायला लागली.

"अगं, अगं, तुझा वास लागेल त्याला," भाऊ उठत म्हणाला. मी त्याचा दंड धरला.

तिचं डोकं आत गेलं आणि तिथेच राहिलं. मोठ्या माणसाचा स्वेटर, गळा सापडला नसावा. बाह्या दोन्हीकडे लोंबत होत्या. राखाडी लोकरीचा एक ढीग आमच्यासमोर बसला होता आणि आतून श्वास ऐकू येत होता. एक, मग आणखी एक. नंतर बराच वेळ काही नाही.

"खारू?" भाऊ म्हणाला.

"बाबा, आत अंधार आहे," आतून आवाज आला.

"हो, बाहेर ये."

"थांब. डोकं पुसताना असतो ना, तसा. ओलं डोकं कुणीतरी टॉवेलने पुसत असतं, आणि आपण टॉवेलच्या आत असतो. आपल्याला काही दिसत नाही. कान झाकलेले असतात, त्यामुळे ऐकू पण लांबून येतं. पण कोण पुसतंय ते माहीत असतं." ती थांबली. "बघावं लागत नाही. माहीतच असतं. तसा आहे मधला वास."

भाऊ खाली बसला. जमिनीवर, होता तिथेच. या माणसाचं ओलं डोकं लहानपणी मीच पुसत असे, आणि टॉवेलमधून तो मला नाही नाही ते प्रश्न विचारत असे.

"टॉवेल कोरडा की ओला?" त्याने विचारलं. आवाज वासघरातला होता, पण चिरका.

"ओला व्हायला लागलेला."

"आणि गरम?"

"गरम नाही. कोमट."

"कोमट," तो म्हणाला. "हो. कोमट. कामावरून आली की मान अशीच असायची तिची, इथे, कानाच्या मागे." त्याने स्वतःच्या कानामागे हात नेला आणि तो तिथेच ठेवला. "मी कसा विसरलो होतो?"

"विसरला नव्हतास," मी म्हणाले.

"ताई, तू फार जोरात पुसायचीस. कान उपटून हातात यायचे."

"डोकं कमी आणि चिखल जास्त असायचा तुझ्यात."

खारूने धडपडत गळा शोधला आणि डोकं बाहेर काढलं. केस सगळे उभे राहिलेले, गाल लाल. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग स्वतःच्या लोंबत्या बाह्यांकडे.

"आता याला माझा वास लागला ना?"

"लागला," भाऊ म्हणाला.

"मग आईचा?"

ती बाही नाकाशी नेऊन शोधत राहिली, एक बाही, मग दुसरी, मग पोटाकडची लोकर.

"सापडला?"

"बाहेरून नाही येत. आता नाही सांगता येत मला, बाबा. आत होतं तेव्हा येत होतं."

"मग परत आत जा," तो म्हणाला.

खारूने नाक पुसलं, गळ्याची लोकर दोन्ही मुठींत धरली आणि डोकं आत ओढून घेतलं. भाऊ सरकून तिच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसला, आणि डोळे मिटून वाट पाहू लागला.